बिनकान्याच्या कादंबऱ्या

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या इमारतीच्या जिन्याखाली सभा झाली. हजर चौघे: चेअरमन दत्ताभाऊ, तळमजल्यावरच्या कमलकाकू, माझी बायको विद्या आणि खजिनदार म्हणून मी. मंजूर रक्कम आठशे रुपये. घरं आठ, दर घरी शंभर. कारणाच्या रकान्यात मी 'इतर' असं लिहिलं. खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. इमारतीवर कुणीतरी करणी केली आहे आणि ती काढायला उचगावहून एक माणूस आणावा, असं तिघांचं मत होतं. माझं मत एवढंच होतं की असल्या कामाचे दर आधी दोन-तीन ठिकाणी विचारावेत.

त्याचं असं झालं. दोन महिन्यांपासून दुपारी दोनच्या सुमारास कुणाच्या ना कुणाच्या दाराखालून कागद आत यायचा. वहीच्या निम्म्या पानाएवढा. त्यावर काळी, जाड, जराशी तेलकट छपाई. अक्षरं कागदात रुतलेली. पाठीमागून बोट फिरवलं तर उठाव लागायचा. खाली सही नाही, पत्ता नाही. भाषा मराठीच, पण पहिलीच्या पुस्तकातल्या अगदी पहिल्या धड्याची. पोराला अजून काना शिकवलेला नसतो, मात्रा आणि वेलांटी तर लांबच, तेव्हा त्याला वाचायला देतात तसली. मला आलेला पहिला कागद असा होता:

घर बघ.
शरद, उठ.
शरद, चल.
शरद, वर चढ.
शरद, पड.
घर, हस.

शरद म्हणजे मी. आणि त्या दिवशी गच्चीवरच्या टाकीची पातळी बघायची पाळी माझीच होती. लोखंडी शिडी चढताना तिसऱ्या पायरीवर मला ते 'पड' आठवलं. मी खाली उतरलो आणि टाकीत पाणी भरपूर आहे असं अंदाजानं सांगितलं. खजिनदार झाल्यापासून मी अंदाजानं काही सांगितलं, ते तेवढंच.

कमलकाकूंना आलेला कागद त्याहून वाईट होता. 'घर बघ. कमल, उघड. कमल, जवळ सरक. कमल, परत बघ.' काकूंनी दार उघडलं, जवळ सरकल्या, परत बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. रॉकेलचा वास तेवढा होता.

आता या भाषेची गंमत बघा. मी पावत्या लिहिणारा माणूस, अक्षराकडे माझं लक्ष असतं. काना-मात्रा-वेलांटी काढून टाकली की मराठीत 'मी' म्हणता येत नाही, 'तू' म्हणता येत नाही. 'नाही' तर नाहीच नाही. उरतो फक्त हुकूम. बस, उठ, बघ, चल, मर. ज्या भाषेत नकार देता येत नाही ती भाषा भर दुपारी, सगळी इमारत वामकुक्षीत असताना, दाराखालून सरपटत आत आली की माणूस पंख्याखालीसुद्धा घामाघूम होतो.

आमचे चेअरमन दत्ताभाऊ जुने पैलवान. त्यांच्या नावात जोडाक्षर आणि दोन काने असल्यामुळे त्यांना नावाचा कागद एकदाही आला नाही. तरी सगळ्यांत जास्त घाबरलेले तेच. "नाव घालून येतंय ते परवडलं की," ते म्हणायचे. "बिननावाचं म्हंजे कुणालाबी लागू हाय."

संशय होता मगदूम अण्णांवर.

मगदूम अण्णा आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतात. सत्तरीच्या पुढचे, बारीक, मानेत वाकलेले. बोटांची टोकं कायमची काळी. बोलणं सीमेकडचं, कोल्हापुरीत अधूनमधून कानडी हेल. इमारतीत येऊन दीड वर्ष झालं तरी ते आम्हा सगळ्यांना 'पावणं' म्हणतात, आणि जिन्यात भेटलं की "काय, कसं काय" न विचारता विचारतात, "मजकूर काय, पावणं?"

ते पेपर उलटा धरून वाचतात. म्हणजे खरोखर खालचं वर करून. एकदा मी न राहवून म्हटलं, "अण्णा, पेपर उलटा आहे." ते म्हणाले, "सरळ धरला की डोळ्याला ऊन लागल्यागत व्हतंय." आणि पान उलटून बाजारभाव वाचायला लागले.

दुसरी खोड जास्त अवघड होती. काहीही विचारा, वर्गणी असो, पाण्याची वेळ असो, ते म्हणायचे, "घरात विचारून सांगतो." आमच्याकडे पुरुषमाणूस 'घरात' म्हणाला की त्याचा अर्थ बायको. यात काही वावगं नाही. पण अण्णांच्या भाडेकराराच्या वेळी मी स्वतः हजर होतो. राहणारी व्यक्ती: एक.

आणि दुपारी वरून आवाज यायचा. टक. टक. टक. बारीक काहीतरी लाकडात पडल्यासारखा. मग फरशीवरून जड काहीतरी फिरवल्यासारखं घर्रर्र. आणि मध्येच अण्णांचा आवाज, "पुढं?" मग शांतता. कुणीतरी उत्तर द्यावं एवढीच. मग अण्णा, "बरं, आसू दे." आणि पुन्हा टक.

सभेत कमलकाकूंनी पुरावा मांडला. "माझ्या भांडीवालीनं सोताच्या कानानं ऐकलंय. वर झाडायला जाती ती. अण्णा तिला म्हणाले, त्या खोलीत झाडू मारू नको, तितं माझे केस हायत."

"डोक्याचे?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"त्यांच्या डोक्यावर हायत व्हय केस? आन् पुढं ऐका. म्हणाले, खाली खिळा पडलेला गावला तर टाकू नको, मला आणून दे."

"केस आन् खिळे!" दत्ताभाऊ जिन्याच्या पायरीवर बसले. "आन् काय पाहिजे मग? लिंबू तेवढं ऱ्हायलंय."

ठरलं असं की उचगावच्या माणसानं वर बोट दाखवलं तर मालकाला फोन करून अण्णांना खोली खाली करायला लावायची. मी विचारलं, "वर्गणी मगदूम अण्णांकडून घ्यायची का?" तिघं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "ठराव दर घरी शंभर असा झालाय. करणी करणाऱ्याला सूट, असं कुठे लिहिलेलं नाही."

"मग तुम्हीच जावा," दत्ताभाऊ म्हणाले. "तुमचंच नाव हाय कागदावर."

ते खरं होतं. आदल्याच दिवशी मला तिसरा कागद आला होता. 'घर बघ. शरद, परत वळ. शरद, घर मर.' विद्यानं तो वाचला आणि म्हणाली, "म्हणजे घरासकट मर." मला मात्र ते व्याकरणात बसेना. 'घर मर' म्हणजे काय? मी सवयीनं त्याखाली लाल पेनानं रेघ ओढली आणि समासात प्रश्नचिन्ह केलं. तो कागद खिशात घालून, पावतीपुस्तक घेऊन मी वर गेलो.

दार अर्धवट उघडंच होतं. "या पावणं. मजकूर काय?"

"वर्गणी. शंभर रुपये."

"कशाची?"

मला खोटं बोलता येत नाही. त्याचा हिशेब पुढे ठेवावा लागतो. मी म्हटलं, "इमारतीवर करणी झाली आहे असं सभेचं मत आहे. ती काढायची आहे."

"कुणी केलीया?"

"तुम्ही. असं सभेचं मत आहे."

अण्णा जरा विचारात पडले. "मग मला बी शंभरच?"

"सगळ्यांना सारखे."

"बराबर हाय. थांबा, घरात विचारून आणतो."

ते आतल्या खोलीत गेले. पडदा हलला. मी बाहेरच्या खोलीत उभा, हातात पावतीपुस्तक. आतून बारीक आवाजात ऐकू आलं, "शंभर मागत्यात." शांतता. "तेच की, खालचे." शांतता. ही जरा लांबली. "आगं, पण पावती देत्यात." मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी पदराची गाठ सोडत असावं एवढा वेळ. मग अण्णा शंभराची नोट घेऊन बाहेर आले. नोटेला हळदीचा वास होता. मी सांगतो ते एवढंच, की वास होता.

"पावती त्यांच्या नावानं करा, म्हणत्यात."

"नाव?"

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. नवरा बायकोचं नाव घेताना आमच्याकडची जुनी माणसं बघतात तसं. "सुधा," ते हळूच म्हणाले. "सौभाग्यवती लिव्हा."

मी बाहेरच्या टेबलाशी बसून 'सौ. सुधा मगदूम' असं लिहिलं. अण्णा टेबलाच्या पलीकडून, म्हणजे त्यांच्या बाजूनं उलटं, माझ्या पेनाकडे एकटक बघत होते. "उकार झ्याक काढलासा," ते म्हणाले. "काना बी सरळ हाय."

पावती फाडून दिली. आता उठावं, की विचारावं? मी विचारलं. "अण्णा, तुमच्याकडे केस आहेत म्हणे. आणि खिळे."

"हायत की! बघायचे हायत?" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पडदा बाजूला सारला.

आत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. मध्ये टेबल. टेबलावर दोन मोठे लाकडी ट्रे, शंभरेक खणांचे, आणि खणाखणांत छपाईची शिशाची अक्षरं. छापखान्यात त्या ट्रेला केस म्हणतात आणि त्या अक्षरांना खिळे. अण्णा शाहूपुरीतल्या एका छापखान्यात जन्मभर जुळारी होते. एका हातात पट्टी धरून दुसऱ्या हातानं एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ती उलटी वाचायची. म्हणून पेपर उलटा. घर्रर्र म्हणजे शाईचा रूळ. रॉकेल म्हणजे खिळे धुवायला. मी हसलो. खरं सांगायचं तर हसण्याआधी दुसऱ्या खुर्चीकडे एकदा बघून घेतलं. तिच्यासमोर एक चष्मा होता, उघडून ठेवलेला.

"आणि हे कागद?"

"कादंबऱ्या हायत त्या, पावणं!" अण्णांना वाईट वाटलं. "तुम्हाला काय वाटलं?"

मग त्यांनी सांगितलं. त्या छापखान्यात जाडजूड कादंबऱ्या छापायला यायच्या. अण्णांनी डझनांनी जुळवल्या. पण जुळारी चौघं, पानं वाटून घ्यायचे. "माझ्या वाटणीला दर चौथं पान. नायक जेवायला बसला, एवढं मला ठावं. उठला का न्हाई ते दुसऱ्याकडं." अख्खी कादंबरी वाचायच्या त्या 'घरात'. प्रूफ वाचायचं काम मालकानं त्यांना दिलं होतं. अण्णा दुपारी दोन वाजता प्रूफं घेऊन घरी यायचे. त्या जरा लवंडलेल्या असायच्या. झोपमोड नको म्हणून ते कागद दाराखालून सरकवून परत जायचे. संध्याकाळी त्या चुका काढून ठेवायच्या आणि भाकरी थापता थापता गोष्ट सांगायच्या. "मी ईचारायचो, पुढं? तो जेवायला बसलेला गडी? त्या म्हणायच्या, उठला, हात धुतला, आन् बायकूला सोडून गेला बघा."

छापखाना बंद पडला तेव्हा सगळं शिसं भंगारात गेलं. अण्णांनी मालकाकडून दोन केस मागून घेतले. पण त्यांच्या हाती लागले ते साध्या अक्षरांचे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, टिंब, जोडाक्षरं, सगळं आधीच्या गाडीत गेलं होतं.

"मग म्हटलं, हाय त्यात बसवायचं. ही बघा, सातशे पानी."

घर बघ.
जनक, घर धर.
मदन, घर धर.
जनक, कपट कर.
मदन, रड.
मदन, मर.
जनक, बघ.
जनक, रड.
जनक, मर.
घर, बस.

मी शब्द मोजले. तेवीस. सातशे पानांचा ऐवज तेवीस शब्दांत म्हणजे कागदाची बचत मान्य करावी लागेल. "पण ते मरतात कशानं?"

"त्याला लई पानं लागत्यात. आन् 'मेला' म्हणता येत न्हाई, पावणं. मात्रा आन् काना, दोन्ही न्हाईत. म्हणून सांगावं लागतंय. मर म्हटलं की मरतंय."

"आणि शेवटी घराचं काय होतं? मूळ गोष्टीत?"

"पडतंय. वाटणीच्या भांडणात सगळं पडतंय."

"इथे तर पडत नाही."

"इतं बसतंय," अण्णा म्हणाले आणि विषय बदलला.

कागद दाराखालून का टाकता, हेही मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "प्रूफ हाय ते. वाचायचं, चूक काढायची, परत द्यायचं." नावं बिनकान्याची लागायची, म्हणून जमतील ती त्यांनी खालच्या पाट्यांवरून घेतली होती, आणि त्या नावाचं पान त्या दारात. प्रत एकच निघायची, म्हणून ज्याच्या दारात जे पान पडलं ते त्याचं. कमलकाकूंच्या दारात कमलनं दार उघडलं होतं; तिच्यासमोर उभा असलेला अमर तिसऱ्या मजल्यावर गेला होता. कुणालाच अख्खी गोष्ट मिळाली नव्हती. अण्णांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना जन्मभर दर चौथं पानच मिळालं होतं.

"कुणी परत दिलं का प्रूफ?"

"अजून न्हाई."

मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. लाल रेघ, समासात प्रश्नचिन्ह. अण्णांनी तो दोन्ही हातांनी उचलला.  मग त्या दुसऱ्या खुर्चीपुढचा चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला.

"भ!" ते ओरडले. "भ हाय ते! 'घर भर'! गडी परदेशातनं पैका मिळवून परत येतोय. शरद, घर भर. आयला, भ च्या खणात म पडला!" त्यांनी कपाळावर काळी बोटं मारून घेतली. "पावणं, चुकलं. तुम्हाला मर म्हटलं मी."

"छपाईची चूक आहे," मी म्हटलं. "होते."

"घरात म्हणत होत्या," ते खुर्चीकडे बघत पुटपुटले. "दोनदा म्हणाल्या, ह्यात कायतरी चुकलंय, बघा परत. मला दिसंना."

खोलीत दुपारचं ऊन होतं. तरी मी त्या खुर्चीकडे पाठ केली नाही. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "मग ते 'घर, हस' काय आहे? घर कसं हसेल?"

अण्णा चष्मा पुसत बसले. "घर म्हंजे घर न्हवं," शेवटी ते म्हणाले. "नाव जुळंना हो. उकार लागतोय, काना लागतोय. त्या कुठल्याच कादंबरीत न्हाईत, पण सगळ्या कादंबऱ्या त्यांच्याकडनंच ऐकल्या. मग पयल्या वळीला त्यांना बसवतो. घर बघ. आन् कुठं हसायच्या, तितं हस. कुठं गप बसायच्या, तितं बस."

"पण छापूनच का? हातानं लिहा की नाव."

"माझ्या हातचं उलटं येतंय. खिळ्यागत. आन् त्यांनी माझं कवा वाचलं ते छापलेलंच."

मी विचारू नये ते विचारलं. "कधी वारल्या?"

"ते जुळत न्हाई," अण्णा म्हणाले.

मला वाटलं त्यांना आठवत नाही. तसं नव्हतं. ते शांतपणे समजावू लागले, नवीन जुळाऱ्याला समजावावं तसं. "बसली, उठली, हसली. बघा, सगळीकडं वेलांटी. बाईमाणसाचं झालेलं सांगायचं तर वेलांटी लागतीया. माझ्याकडं ती न्हाईच. म्हणून कसं हाय, माझ्या भाषेत झालेलं कायबी नसतंय."

"म्हणजे भूतकाळ नाही."

"न्हाई. भूतकाळ न्हाई तर भूत कुठलं, सांगा खाली त्यांना." ते हसले. मग हसू ओसरलं. "एकच अडचण हाय. ह्यात हट येतंय, पळ येतंय, सरक येतंय. ये येत न्हाई. एक मात्रा लागतीया. घालवायचं झालं तर घरभर शब्द हायत माझ्याकडं. बोलवायला एक न्हाई."

उतरताना मी त्यांच्याकडून नमुन्यासाठी एक खिळा मागून घेतला. 'ग' होता. खाली मी विद्याला एवढंच सांगितलं की केस म्हणजे ट्रे.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर शाहूपुरीत मागच्या गल्लीत गेलो. त्या छापखान्याचं शिसं ज्यांनी घेतलं ते भंगारवाले इस्माईलभाई ओळखीचे. मी 'ग' पुढे ठेवला आणि मागणी सांगितली: याच मापाचा काना एक, मात्रा एक, दीर्घ वेलांटी एक, उकार एक.

"खजिनदारसाहेब, किलोनं ईकतो मी," इस्माईलभाई म्हणाले. "एकेक मात्रा मागणारं गिऱ्हाईक आज पयलंच. मंत्रबिंत्र लिव्हताय काय?"

"प्रूफ आहे," मी म्हटलं.

बरंचसं वितळलं होतं. पण एका डब्याच्या तळाशी चिंध्यांत थोडे खिळे निघाले. नाजूक, बारीक. मात्रेचं टोक जरा वाकलेलं. इस्माईलभाईंनी चारी तळहातावर तोलले. "काट्याला लागतच न्हाईत हो. जावा घेऊन."

"फुकट नको. पावती पाहिजे."

"चार खिळ्यांची पावती?" ते हसून हसून बेजार झाले. "बरं, वीस द्या. पाच रुपये नग. आयुष्यात पयल्यांदा मात्रा ईकली."

अण्णांनी ते चार खिळे तळहातावर घेतले. उकार उचलला, टेबलावर ठेवला. काना उचलला, शेजारी ठेवला. वाकलेली मात्रा नखानं सरळ केली, ठेवली. चौथा खिळा त्यांनी माझ्याकडे परत सरकवला.

"ही नको."

"राहू द्या की. लागेल कधीतरी."

"हिच्यानं काय व्हतंय, ठावं हाय?" त्यांनी पट्टी घेतली. टक. टक. टक. टक. चार खिळे बसवले आणि पट्टी माझ्यापुढे धरली. "वाचा."

उलट्या अक्षरांचं मला जमेना. ग लावायला वेळ लागला, मग त्यावरची मात्रा, मग ल. वेलांटी सगळ्यात शेवटी कळली. "गेली," मी वाचलं.

अण्णांनी पट्टी तिथल्या तिथे पालथी केली. "बघितलासा? आता माझ्या भाषेत तेबी आलं. परत द्या ती, पावणं. आज घरात नको ती."

मी वेलांटी कागदात गुंडाळून खिशात टाकली.

त्यानंतर दोन दिवसांनी मी जेवणाच्या सुट्टीत घरी आलो होतो. जिन्यात शिरलो तर वर कुणीतरी कुलूप लावल्याचा आवाज झाला. वळणावरून बघितलं. मगदूम अण्णा स्वतःच्या दाराबाहेर गुडघ्यांवर बसले होते. दाराला कुलूप. अंगात धुतलेला सदरा. ते एक कागद दाराखालून आत सरकवत होते. निम्मा आत गेला, निम्मा बाहेर राहिला. त्यावर एकच ओळ होती, मोठ्या जाड अक्षरांत. मात्रा किंचित वाकडी.

सुधा, ये.

ते उठून भिंतीला टेकून उभे राहिले. वाट बघायला लागले. मी हललो नाही. इमारतीत नळाचा आवाज नव्हता, कुणाचा टीव्ही नव्हता. मग तो कागद आत गेला. कुणी ढकलला नाही. आतून ओढल्यासारखा सावकाश गेला. मागची खिडकी उघडी असणार, वारा असणार. मी ते नंतर तपासलं नाही. हिशेबात मी सगळं तपासतो.

अण्णांनी सदऱ्याची बटणं चाचपली. कडी दोनदा हळूच वाजवली, परक्याच्या दारात वाजवावी तशी. मग कुलूप काढलं, दार उघडलं आणि उंबऱ्यात थांबून आतल्या अंधाराला विचारलं, "मजकूर काय?"

दार लागलं. थोड्या वेळानं टक टक सुरू झाली.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा झाली. हजर तेच चौघे. केस आणि खिळे यांचा खुलासा मी केला. दत्ताभाऊंनी मोठा श्वास सोडला आणि विचारलं, आपलं नाव एखाद्या कादंबरीत बसवायला किती खिळे लागतील. कमलकाकूंनी स्वतःचा कागद काढून परत वाचला. मग म्हणाल्या, "त्या कमलचं पुढं काय झालं, तेवढं ईचारून सांगा की. दार उघडून उभीच हाय ती." उचगावच्या माणसाला येऊ नका असा निरोप गेला. मालकाला फोन करायचा विषय निघालाच नाही.

जमा आठशेपैकी सात घरांचे सातशे परत केले. आठवे शंभर अण्णा परत घेईनात. पावती घरात लावली आहे, म्हणाले. ते सौ. सुधा मगदूम यांच्या नावे इमारतीच्या खात्यात जमा आहेत. खिळ्यांचे वीस मी माझ्या खिशातून दिले होते. वेलांटी परत केली तेव्हा इस्माईलभाई पाच रुपये द्यायला तयार होते, पण म्हणाले, "ठेवा की हो, कधी लागली तर." मी म्हटलं, लागणार नाही. पाच रुपये मोजून घेतले. अखेर दिलेली रक्कम पंधरा रुपये, घेणार: इस्माईलभाई.